एकेचाळीस दिवस आधी

पाताळनेत्र दुर्बीण बघायला येणाऱ्या माणसांची बेटावर पाऊल ठेवताच निराशा होत असे. दुर्बीण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरे घुमट नाहीतर मोठाल्या तबकड्या असायच्या. इथे, लक्षद्वीपच्या एका छोट्या बेटावर, माडांच्या सावलीत तीन बैठ्या इमारती होत्या, एक धक्का होता आणि धक्क्याशेजारून पाण्यात शिरलेली मनगटाएवढी जाड केबल होती. बाकी सगळी दुर्बीण समुद्राच्या तळाशी, अडीच किलोमीटर खोल काळोखात उभी होती. सातशे मीटर उंचीच्या चोवीस तारा, खाली नांगरलेल्या आणि वर तरंगत्या गोळ्यांनी ताठ धरलेल्या. प्रत्येक तारेवर काचेचे गोल ओवलेले आणि प्रत्येक गोलात एक प्रकाशवेचक, काजव्याच्या हजाराव्या हिश्शाइतका उजेडही टिपणारा. कोट्यवधी न्यूट्रिनो या पाण्यातून आरपार निघून जात. त्यातला एखादाच अणूवर आदळे, त्यातून म्युऑन नावाचा कण सुटे आणि धावता धावता पाण्यात निळ्या प्रकाशाची रेघ ओढून जाई. ती रेघ उलटी मागे नेली की न्यूट्रिनो आकाशातल्या कुठल्या बिंदूवरून आला ते कळे.

मकरंद गवाणकरने या रेघांमागे बावीस वर्षं घालवली होती. चौसष्ट वर्षांचा, उंच, किंचित वाकलेला हा माणूस पाताळनेत्राचा संचालक होता. त्याची मुलगी शमिका याच दुर्बिणीवर काम करत होती. बत्तीस वर्षांची. गणित तिचं उत्तम होतंच, पण तळाशी उतरणारी एकासनी पाणबुडी चालवण्याचा परवाना असलेली बेटावरची ती एकमेव शास्त्रज्ञ होती. पाणबुडीचं नाव कासव. तेही तिनेच ठेवलेलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या चहाला, उपसंचालक अस्मिता पागेने तो विषय काढला. अस्मिताला बेटावर येऊन वर्षही झालं नव्हतं. ती स्पष्ट बोलायची.

"मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय, शमिका. तुमचे शोधनिबंध वाचलेत मी. पण तुला स्वतःला किती खात्री आहे?"

शमिकाने पावाचा तुकडा चहात बुडवला. "कशाची?"

"की दोन हजार एकेचाळीसचे ते तीन न्यूट्रिनो खरोखर एकाच ठिकाणाहून आले होते."

मकरंद खाली मान घालून ऐकत राहिला. सतरा वर्षांपूर्वी वीस तासांच्या आत तीन निळ्या रेघा उमटल्या होत्या आणि तिन्ही एकाच बिंदूकडे बोट दाखवत होत्या. त्रिशंकू तारकासमूहाच्याही दक्षिणेला, अतिदूरच्या एका दीर्घिकेकडे. तिच्या गाभ्यात एक अजस्र कृष्णविवर होतं. बरोबर एकेचाळीस दिवसांनी त्याच दीर्घिकेतून प्रकाशाचा मोठा उद्रेक झाला. मकरंदने जाहीर केलं, घटना एकच आहे. तारा गिळताना कृष्णविवराभोवती दाट वायू उसळतो. न्यूट्रिनो त्यातून क्षणात सुटतात, प्रकाशाला मात्र वाट काढायला एकेचाळीस दिवस लागतात. एवढ्या प्रचंड ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा उगम सापडला असं त्याला वाटलं. जगाला तसं वाटलं नाही. आकाशात रोज कुठे ना कुठे उद्रेक होतच असतात, तीन रेघा आणि महिनाभरानंतरचा एक उद्रेक हा निव्वळ योगायोग, असं म्हणून लोकांनी तो विषय बाजूला ठेवला.

"योगायोग दोनदा त्याच अंतराने होत नाही, आणि हे दुसऱ्यांदा होणार आहे," शमिका म्हणाली. "त्या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये दीर्घिकांचा एक मोठा थवा आहे. त्याचं वजन इतकं की ते सरळ येणाऱ्या किरणाला वाकवतं. गुरुत्वभिंग. त्यामुळे तिथून निघालेली गोष्ट आपल्याकडे एकाहून जास्त वाटांनी येते. आपल्या बेटावरून दोन माणसं एकाच वेळी निघाली, एक थेट कोचीला गेला आणि दुसरा सगळी बेटं करत गेला, तर दुसरा उशिरा पोचेल. पण पोचेल. आणि त्याच्याकडे बातमी तीच असेल."

"सतरा वर्षं उशिरा."

"साधारण सतरा. प्रकाश आणि न्यूट्रिनो दोघांचा वेग जवळजवळ एकच, वाटही एकच. म्हणजे सगळा खेळ पुन्हा तसाच होणार. आधी न्यूट्रिनो, एकेचाळीस दिवसांनी प्रकाश. प्रकाश कुठूनही दिसेल, पण त्याने एकट्याने काही सिद्ध होत नाही. न्यूट्रिनो पकडले तरच. आणि ते फक्त आपण पकडू शकतो. उत्तरेकडच्या समुद्रातल्या, न्यूट्रिनो टिपणाऱ्या जाळ्यांना तो बिंदू पृथ्वीच्या पलीकडे पडतो, आणि इतक्या ऊर्जेचे न्यूट्रिनो पृथ्वीच्या पोटात शोषले जातात. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातल्या जाळ्याला तो कायम डोक्यावर, तिथे हवेतून येणाऱ्या म्युऑनांची गर्दी. आपल्याला तो क्षितिजालगत मिळतो."

"तारखा दोनदा दिल्या होत्यास तू," अस्मिता म्हणाली. आवाजात कुत्सितपणा नव्हता. "चोपन्न साली आणि छप्पन्न साली."

"दोन्ही चुकल्या. त्या थव्यात न दिसणारं द्रव्य किती आहे ते नीट माहीत नव्हतं. वजन चुकलं की वाट चुकते, वाट चुकली की तारीख."

"मग आता?"

"आता मी तारखा देत नाही," शमिका म्हणाली आणि उठून कप धुवायला गेली.

मकरंदला बरं वाटलं. छप्पन्न सालच्या त्या दिवसाआधी जगभरच्या वार्ताहरांना त्याने बेटावर बोलावलं होतं. आठवडाभर सगळे वाट पाहत बसले. काहीच आलं नाही. मग वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली, एका परिषदेत त्याच्या व्याख्यानाला लोक उघड हसले आणि त्याच रात्री त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलमध्ये शमिका त्याच्या उशाशी बसून होती. त्यानंतर घरात कुणी तारखेचा विषय काढला नाही.

चोवीस तारांपैकी आठ तारा नोव्हेंबरपासून बंद होत्या. तळावरची एक जोडपेटी निकामी झाली होती. दुरुस्तीचं मोठं जहाज मार्चअखेर येणार होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शमिका म्हणाली, तोवर थांबायला नको, मीच उतरते.

"घाई कसली आहे?" मकरंदने विचारलं.

"फेब्रुवारीत तळाचे प्रवाह मंद असतात, बाबा. आणि आठ तारा म्हणजे दुर्बिणीचा एक डोळा मिटल्यासारखं आहे. मला ते बघवत नाही."

कारण पटण्यासारखं होतं. त्याने सही केली.

आठ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता मत्स्यगंधा जहाजावरून कासव पाण्यात सोडलं. जहाजाचे कप्तान दाऊद मुकादम रत्नागिरीकडचे, साठीचे, बोलायला कमी. शमिकाला ते लहानपणापासून ओळखत होते. झाकण लावण्याआधी त्यांनी तिच्या हातात चिक्कीचं पुडकं दिलं आणि ती हसली. मकरंद जहाजावरच्या नियंत्रणकक्षात पडद्यांसमोर बसला होता.

साडेअकराला तिने कासवाच्या मंद दिव्यात, त्याच्या यांत्रिक हातांनी नवी जोडपेटी बसवली आणि आपला बोलण्याचा धागा तिच्यात खोचला. त्यामुळे तिचा आवाज पाण्यातून हेलकावत न येता थेट केबलमधून आला, शेजारी बसल्यासारखा.

"बाबा, बघ आता. किती दिसतात?"

पडद्यावर करड्या रंगाच्या आठ रेषा एकेक करत हिरव्या झाल्या.

"चोवीस," मकरंद म्हणाला.

"नीट मोज."

"चोवीसच्या चोवीस, शमू."

ती मग म्हणाली, "छान. आता यांना कुणी हात लावू नका. मी वर येते."

धागा काढून ती निघाली. बारा वाजून वीस मिनिटांनी तळावरच्या उतारावरचा गाळ सुटला. समुद्राखालच्या टेकडीची आख्खी कड घसरली आणि गाळाचा लोंढा दरीच्या दिशेने वाहत गेला. तारा त्याच्या वाटेत नव्हत्या. कासव होतं. कासवाचा ध्वनिसंकेत तीन मिनिटं वेड्यावाकड्या दिशेने सरकताना दिसला, मग बंद पडला.

पुढचे दोन तास मकरंदला नंतर नीट आठवत नसत. मुकादमांनी काय करायला हवं ते सांगितलं तेवढं आठवत होतं. जहाजावर सहा शोधयानं होती, माणसाविना चालणारी, प्रखर दिव्यांची. गाळाने ढवळलेल्या पाण्यात दिव्यांशिवाय काहीच दिसलं नसतं. शिवाय त्यांना सतत वीज लागणार होती आणि ती मिळण्याची एकच जागा तळाशी होती, दुर्बिणीची केबल.

"प्रकाशवेचक चालू असताना एवढे प्रखर दिवे लावले तर सगळे जळतील," अस्मिता म्हणाली. ती बेटावरून बोलत होती. "सर, पूर्ण दुर्बीण बंद करावी लागेल."

"मग कर."

"करते."

दोन वाजून दहा मिनिटांनी चोवीसच्या चोवीस रेषा विझल्या. बावीस वर्षांत पाताळनेत्र पहिल्यांदाच संपूर्ण बंद झालं. मकरंदने तिकडे पाहिलंही नाही.

कासवात शहाण्णव तासांची हवा होती. जहाजावर सगळ्यांना तो आकडा माहीत होता आणि कुणी तो बोलून दाखवत नव्हतं. शोधयानांनी दरीच्या तोंडापासून सुरुवात केली. पडद्यांवर पिवळ्या उजेडात गाळ दिसायचा, गाळात रुतलेले दगड, कधी एखादा आंधळा मासा. दर चार तासांनी एकेक यान जोडपेटीपाशी जाऊन वीज भरून घेई. शमिकाने बसवलेल्या जोडपेटीपाशी.

मकरंदची बायको नीलांबरी सांगलीला होती. शाळेतून निवृत्त झालेली, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे प्रवास टाळणारी. ती यायला निघाली होती, पण मुकादमांनी सांगितलं की बेटावर येऊन ताईंना जहाजावर चढता येणार नाही. मग ती रोज दुपारी एकला फोन करी. फार बोलत नसे. "काही कळलं?" असं विचारी, आणि फोन ठेवण्यापूर्वी, "दिवे चालू आहेत ना?"

"चालू आहेत," मकरंद सांगे.

बारा तारखेला दुपारी शहाण्णव तास संपले. त्या वेळी मकरंद पडद्यासमोर होता. मुकादम शेजारी येऊन उभे राहिले, त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ तसेच थांबले. मकरंदने शोध थांबवायला सांगितलं नाही. मुकादमांनी विचारलंही नाही.

तेरा तारखेला अस्मिता होडीने जहाजावर आली. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे लाल होते. तिने मकरंदला डेकवर बाजूला घेतलं.

"सर, मला हे बोलायला नको वाटतंय."

"बोल."

"नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा चोवीसच्या चोवीस तारा धड आहेत. तिने केल्यात. आपण त्या बंद ठेवून बसलोय. आता ती..." अस्मिता थांबली. "आता शोध महिनाभराने घेतला तरी तितकाच उपयोग आहे. दुर्बीण चालू करू या. तिचं काम आहे ते."

मकरंद पाण्याकडे पाहत होता. समुद्र काचेसारखा शांत होता.

"खाली दोन अंश तापमान आहे," तो म्हणाला. "कासवाचं कवच फुटलेलं नसेल तर ती अजून तशीच असेल. महिन्याभराने गाळ आणखी बसेल, मग ती कधीच सापडणार नाही. नीलांबरीला मी काय दाखवू?"

"सर—"

"नाही, अस्मिता. ती सापडेपर्यंत नाही."

अस्मिताने मान हलवली आणि होडीकडे गेली. तिने पुन्हा विचारलं नाही.

अठरा तारखेला, अकराव्या दिवशी सकाळी, चौथ्या यानाच्या दिव्यात गाळातून वर आलेली लाल धातूची कड दिसली. संध्याकाळपर्यंत कासव जहाजावर आलं. कवच शाबूत होतं. मुकादमांनी झाकण उघडलं आणि मकरंदला आधी पुढे होऊ दिलं. ती खुर्चीत एका कुशीवर झुकली होती. हात मांडीवर. चेहरा शांत होता, थंडीने पांढरा पडलेला, पण तिचाच.

सांगलीला कृष्णेच्या घाटावर तिला निरोप दिला. नीलांबरीने शेवटपर्यंत तिच्या कपाळावरचा हात काढला नाही. लोक थांबून राहिले. कुणी तिला उठवायला गेलं नाही.

दुर्बीण एकोणीस फेब्रुवारीला पुन्हा सुरू झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मकरंद बेटावर परतला. घरात बसून राहणं त्याला जमेना आणि नीलांबरीनेही अडवलं नाही. तो काम करत होता, म्हणजे पडद्यासमोर बसत होता. शमिकाची खोली त्याने उघडली नाही.

अठ्ठावीस मार्चला सकाळी दहाच्या सुमारास अस्मिता त्याच्या दारात आली. हातात एक कागद होता. बसायला सांगूनही ती बसली नाही.

"पहाटेपासून चार अवकाश दुर्बिणींनी कळवलंय. आपण वाट बघत होतो त्या दीर्घिकेतून उद्रेक झालाय. त्रिशंकूखालची. पण जुन्या जागेवर नाही, भिंगाच्या दुसऱ्या अंगाला. जिथे दुसरी प्रतिमा दिसायला हवी, तिथे. चढउताराचा आलेख एकेचाळीस सालच्या आलेखावर ठेवला तर तंतोतंत बसतो."

मकरंदने कागद घेतला. आलेख बघायची गरज नव्हती, तो त्याला पाठ होता. तरी त्याने पाहिला. सतरा वर्षांपूर्वी पाहिलेलं तेच शिखर, त्यानंतरची तीच खाच, तोच उतार. दुसऱ्या वाटेने आलेली तीच बातमी. शमिकाचं गणित बरोबर होतं. तिचं भिंग खरं होतं.

त्याच्या मनात पहिल्यांदा आनंद आला. त्या आनंदाची नंतर त्याला लाज वाटत राहिली, पण आला होता खरा. मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. प्रकाश आज आला. म्हणजे न्यूट्रिनो त्याच्या आधी येऊन गेले, एकेचाळीस दिवस आधी. तो उठून कॅलेंडरपाशी गेला आणि बोट ठेवून मागे मोजू लागला.

"मोजू नका, सर," अस्मिता म्हणाली. "मी मोजलंय."

तो मोजत राहिला. मार्चचे अठ्ठावीस. उरले तेरा. फेब्रुवारीचं पान उलटून त्याचं बोट शेवटच्या तारखेवरून मागे सरकलं आणि पंधरावर थांबलं.



"त्या दिवशी आपण काय करत होतो?" त्याने विचारलं.

"सर, नका."

"मला आठवत नाही. एकही गोष्ट आठवत नाही त्या दिवसाची. नोंद काढ."

अस्मिताने शोधाची नोंदवही काढली. पंधरा फेब्रुवारी. यान क्रमांक एक ते सहा, दरीचा पूर्व उतार. गाळ. गाळ. मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा. गाळ. वीस तासांच्या आत तीन किंवा चार न्यूट्रिनो त्या चोवीस तारांमधून गेले होते. पाण्यात निळ्या रेघा उमटल्या असतील आणि शोधयानांच्या पिवळ्या उजेडात विरून गेल्या असतील. त्यांना बघणारे तारांवरचे अठराशे काचेचे डोळे त्याच्या सांगण्यावरून मिटलेले होते.

दुपारी त्याने शमिकाची खोली उघडली. टेबलावर तिचा संगणक होता. परवलीचा शब्द त्याला माहीत होता, दोघांनी मिळून ठरवलेला. शेवटची फाईल एकोणीस जानेवारीची होती. थव्याच्या वजनाची नवी मोजणी त्याच महिन्यात प्रसिद्ध झाली होती आणि तिने ती आपल्या समीकरणांत घातली होती. चाळीस पानांचं गणित. सवयीने त्याने ते ओळीओळीने तपासलं आणि कुठेही चूक सापडली नाही. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. दुसरं आगमन: बारा ते अठरा फेब्रुवारी, दोन हजार अठ्ठावन्न. तिच्याखाली, तिसरं आगमन: दोन हजार एकशे एकोणीस, वर्षभर अलीकडे-पलीकडे. आणि त्याच पानाच्या तळाशी आठ तारखेच्या उतरणीचा आराखडा, मिनिटांसकट.

म्हणजे फेब्रुवारीतले मंद प्रवाह हे कारण नव्हतं. तिला तारीख सापडली होती. सोळा तारांच्या दुर्बिणीत तीन न्यूट्रिनोंपैकी एखादा निसटला असता आणि जग पुन्हा हसलं असतं, म्हणून तिला चोवीस हव्या होत्या. तिने त्याला सांगितलं नाही, कारण चुकली असती तर तिसऱ्यांदा चुकली असती, आणि त्याची छाती ते सोसेल याची तिला खात्री नव्हती. ती त्याच्यासाठी खाली गेली. तिने काम पुरं केलं. आणि त्याने तिला शोधण्यासाठी तेच काम पुसून टाकलं, तेही ती जिवंत नाही हे माहीत झाल्यावर.

तिसऱ्या दिवशी तो सांगलीला पोचला. दुपारची वेळ होती. नीलांबरी मागच्या अंगणात खुर्ची टाकून कोथिंबीर निवडत होती. त्याला पाहून ती उठली नाही, पण शेजारचं स्टूल तिने त्याच्याकडे सरकवलं.

"काहीतरी झालंय," ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. प्रकाश आल्याचं, कॅलेंडरचं, तिच्या फाईलचं. अस्मिता तेरा तारखेला काय म्हणाली होती तेही सांगितलं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही. स्वतःला कुठेही सोडवायचा प्रयत्न त्याने केला नाही.  नीलांबरी काड्या वेगळ्या काढत राहिली.

"निबंध लिहितोय," शेवटी तो म्हणाला. "भिंगाचं गणित तिच्या एकटीच्या नावावर जाईल. ते खरं ठरलंय, त्याबद्दल वाद नाही. न्यूट्रिनोंबद्दल मात्र लिहावं लागेल, निरीक्षण उपलब्ध नाही. दुर्बीण बंद होती. कारण द्यावं लागतं. अस्मिता म्हणाली देखभाल लिहा. मी खरं कारण लिहिणार आहे."

"पुन्हा येणार नाहीत ते?"

"तिसरी वाट आहे एक. एकसष्ट वर्षांनी."

नीलांबरीने मान हलवली. कोथिंबिरीची जुडी तिने ताटात ठेवली आणि पदराला हात पुसले.

"मकरंद, मला माहीत होतं."

त्याला कळलं नाही. "काय?"

"तारीख. तिने मला फोन केला होता जानेवारीत. इतकी खूश होती. म्हणाली, आई, या खेपेला चुकणार नाही, बारा ते अठरा. बाबाला सांगू नकोस, आले की त्याला पडद्यासमोर नेऊन उभा करणार आहे. मी म्हटलं, नाही सांगत."

 अंगणाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बारा तारखेला मला आठवलं," नीलांबरी म्हणाली. "हवा संपली त्याच दिवशी. तेव्हापासून रोज फोन हातात घ्यायचे आणि ठरवायचे की आज सांगू. तू फोनवर असायचास, मी तोंड उघडायचे. आणि वेगळंच काहीतरी विचारायचे."

"का नाही सांगितलंस?"

तिने मग त्यालाच विचारलं, "सांगितलं असतं तर दिवे विझवले असतेस?"

मकरंदला खोटं बोलता आलं असतं. त्याने विचार केला, खरोखरच केला, जणू अजून तेरा तारीख होती, तो डेकवर उभा होता आणि समोर शांत पाणी होतं. ती खाली मरून पडली आहे आणि तिने कशासाठी जीव दिला हेही त्याला माहीत आहे.

"हो," तो म्हणाला. "विझवले असते. तिच्यासाठीच."

"तेच वाटलं मला," नीलांबरी म्हणाली. "आणि मला तिला बघायचं होतं."